दहा फुटी दिवाणखाना आणि तंबोऱ्याचा खर्ज : मध्यम किमतीच्या तीन स्पीकर-जोड्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या वीस वर्षे जुन्या स्पीकरांपैकी डाव्या स्पीकरमधून डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याबरोबर बारीक फडफड ऐकू येऊ लागली. जाळी काढून पाहिले, तेव्हा वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) शंकूभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन गळून पडली. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत अशी विरतेच, आणि दमट हवेत ती आणखी लवकर जाते. रबराची कड त्या मानाने पुष्कळ टिकते. कड नवीन बसवून घेता येते, परंतु उजव्या बाजूचा, वरचे स्वर वाजवणारा ट्वीटरही बंद पडला होता आणि त्या मापाचा ट्वीटर कोठेच मिळेना. तेव्हा नवीन जोडी घ्यायचे ठरले. स्टँड आणि वायर धरून पन्नास हजार रुपयांच्या वर जायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. प्रत्येक बाजूला ४० वॅट देणारा अँप्लिफायर उत्तम चालतो आहे, त्यामुळे तो बदलण्याचा प्रश्न नव्हता.

कोथरूडमधील आमच्या घराचा दिवाणखाना तेरा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. खाली गुळगुळीत फरशी, तीन बाजूंना पक्क्या भिंती आणि चौथीकडे बाल्कनीचे सरकते काचेचे दार. स्पीकर ठेवायला जागा आहे ती तेरा फुटी भिंतीलगत, आणि समोरच्या भिंतीशी आमची भारतीय बैठक. पुण्यातील असंख्य सदनिकांचे दिवाणखाने याच मापाचे आणि याच मांडणीचे असतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

घरात मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकले जाते, त्याखालोखाल जुनी भावगीते आणि नाट्यपदे. मी स्वतः बरीच वर्षे गाणे शिकले, त्यामुळे घरात मिरजेचा तंबोरा आहे. स्पीकर पारखताना याच तंबोऱ्याचा सर्वांत अधिक उपयोग झाला. आपल्याकडे चांगला आवाज म्हटले की मनात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव येतो. परंतु त्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाजदेखील मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांतूनच आलेला असतो. त्याची आठवण मनात धरून घरचे स्पीकर निवडणे म्हणजे एका स्पीकरची तुलना दुसऱ्या स्पीकरशी करणे होय. चार हातांवर बसून ऐकलेला तंबोरा, ध्वनिवर्धकाशिवाय वाजलेला तबला, शेजारी बसून गाणाऱ्या माणसाचा गळा यांच्याशी ताडून पाहिले, तरच स्पीकर खरे बोलतो की नाही हे कळते.

चौकशीअंती तीन जोड्या निश्चित केल्या, आणि मला सांगितलेल्या किमती तिन्हींच्या बाबतीत मर्यादेत बसणाऱ्या होत्या. पहिली व्हार्फडेल डायमंड १२.२, हिचा वूफर साडेसहा इंची. दुसरी एलॅक डेब्यू बी५.२, अँड्र्यू जोन्स यांनी रचलेली, सव्वापाच इंची वूफरची आणि पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा ये-जा करण्याचे भोक, समोरच्या बाजूस असलेली. तिसरी क्यू अकॉस्टिक्स ३०२०आय, पाच इंची वूफरची आणि तिघींत सर्वांत लहान. तीनही बुकशेल्फ प्रकारच्या आहेत, मात्र या नावाने फसू नये. पुस्तकांच्या कपाटात कोंबलेला बुकशेल्फ स्पीकर कधीही चांगला वाजत नाही. टॉवर स्पीकर मी विचारातही घेतले नाहीत. याच पैशांत उंच पेटी आणि जादा वूफर घ्यायचा, तर कोठे तरी सुट्या भागांच्या दर्जात काटकसर होणारच, आणि दहा फुटांच्या अंतरात तेवढ्या खालच्या स्वरांची गरजही नसते.

डेक्कन परिसरातील एका दुकानात पहिले श्रवण झाले. विक्रेत्याने एकाच अँप्लिफायरला तिन्ही जोड्या जोडून ठेवल्या होत्या आणि बटण दाबून तो एकीवरून दुसरीवर जात होता. एलॅकची जोडी लागली की गाणे मागे गेल्यासारखे वाटे आणि इतर दोन जोड्या लागल्या की गायक पुढे येऊन बसे. ‘ताई, फरक तुम्हालाच ऐकू येतोय ना?’ असे त्याने विचारले, आणि मलाही तो फरक दर्जाचाच वाटला. घरी येऊन तिन्हींची माहितीपत्रके शेजारी ठेवली, तेव्हा कारण कळले. व्हार्फडेल आणि क्यू अकॉस्टिक्स या दोहोंची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल आहे, तर एलॅकची ८६. म्हणजे तेवढाच विद्युतदाब (व्होल्टेज) दिला असता एलॅकचा आवाज दोन डेसिबलने लहान येतो, आणि ही उणीव भरून काढायला तिला सुमारे दीडपटीहून थोडी अधिक शक्ती द्यावी लागते.

दोन डेसिबल हा फरक ‘आवाज मोठा झाला’ असे स्पष्टपणे जाणवण्याइतका नसतो, आणि धोका नेमका तेथेच आहे. कानाला तो आवाजाची पातळी म्हणून कळत नाही. भरीवपणा, जवळीक, खुलेपणा अशा रूपांत कळतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले होते की, आवाज हळू असताना आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवत नेला की ते पुन्हा भरून येतात. म्हणून किंचित मोठा वाजणारा स्पीकर अधिक भारदस्त वाटणारच. दुकानात दोन स्पीकरांची तुलना होत असेल, तर दोघांची पातळी सारखी केली आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

दुसऱ्या खेपेस मी मोबाइलमध्ये आवाज मोजण्याचे एक ॲप घेऊन गेले. असे ॲप नेमका आकडा सांगत नाही, पण एकाच जागी ठेवलेल्या फोनवर दोन आवाज सारखे आहेत की नाहीत, एवढे ते नक्की सांगते. पिंक नॉइज नावाचा झऱ्यासारखा एकसारखा खळखळणारा आवाज मिळतो. तो लावून प्रत्येक जोडीसाठी व्हॉल्यूमच्या बटणाची जागा ठरवून घेतली आणि कागदावर टिपून ठेवली. विक्रेत्याने या खटाटोपाला हरकत घेतली नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. पातळी सारखी झाल्यावर एलॅकच्या आवाजाला मागे पडलेपणा उरला नाही. उलट पुरुषी गळ्याचा मध्य सप्तक, विशेषतः आकारातील छातीची भर, तिच्यात मला सर्वांत खरी वाटली. व्हार्फडेलचा विस्तार मोठा होता, डग्गा खोल जात होता आणि सारंगीचा गज तारेवर घासला जाताना येणारा खरखरीतपणा गुळगुळीत न होता ऐकू येत होता. तिसरी, लहान जोडी स्वच्छ होती, पण त्या मोठ्या दालनात थोडी पातळ वाटली. त्या दिवशी निर्णय घ्यायचा असता, तर मी व्हार्फडेलच घेतली असती.

सुदैवाने त्या दुकानाने अनामत रक्कम ठेवून घेऊन प्रत्येक जोडी दोन-दोन दिवस घरी नेऊ दिली. अशी सोय जेथे नाही, तेथून पन्नास हजारांची वस्तू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एका दुसऱ्या दुकानात घरी ऐकण्याची गोष्ट काढताच विषय बदलून स्पीकरच्या निम्म्या किमतीची केबल दाखवण्यात आली. केबलबद्दल एवढेच सांगते की, तीन मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरते. जाण्या-येण्याचा मार्ग धरूनही तिचा रोध एका ओहमच्या दहाव्या भागापेक्षा कमी भरतो आणि स्पीकरच्या सहा किंवा आठ ओहमपुढे तो नगण्य आहे. मी ती बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणली.

आता घरातील अनुभव. व्हार्फडेलची जोडी भिंतीपासून आठ इंच सोडून मांडली आणि ख्याल लावला. दुकानात जो डग्गा खोल आणि सुटा वाटला होता, तो घरी एकाच स्वरात घुमू लागला. वादक घिस्सा देऊन स्वर चढवत होता, परंतु चढणारा स्वर मध्येच एका जागी फुगत होता आणि पुढे अचानक विरत होता. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी खर्जाची तार आली की खिडकीची काच हलकेच थरथरे. गवयाचा आवाज त्या धुक्यामागे राहिला.

हा दोष स्पीकरचा नव्हे, दिवाणखान्याचा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकते आणि जिची अर्धी तरंगलांबी त्या अंतराइतकी असते, ती लहर बळावते. तेरा फुटांसाठी ही वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, सुमारे ४३ हर्ट्झ येते, दहा फुटांसाठी ५६ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ५९. शेवटचे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले आहेत, म्हणून आमच्या घरात त्या पट्ट्यातला प्रत्येक आवाज दुप्पट जोमाने घुमतो. त्यातच स्पीकर भिंतीलगत आला की मागे जाणारे खालचे स्वर परतून पुढच्यांत मिसळतात, आणि ही भर सहा डेसिबलपर्यंत जाऊ शकते. कोपऱ्यात ती आणखी वाढते. पोर्ट मागे असो वा पुढे, ही भर टळत नाही, कारण एवढ्या खालचा स्वर पेटीच्या सर्व दिशांना सारखाच पसरतो. पोर्ट समोर असल्याचा फायदा एवढाच की भिंतीमुळे त्याच्या तोंडाशी हवा कोंडत नाही. समोरच्या पोर्टचा स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला तरी चालतो, असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. एलॅक घरी आली तेव्हा याचा पडताळा आला. घुमारा व्हार्फडेलपेक्षा कमी होता, परंतु होता.

पडदे जाड करून हा घुमारा जात नाही. ५६ हर्ट्झची लहर वीस फूट लांब असते, तिला एक इंचाच्या कापडाचे काय होय! जाड गालिचा आणि पडदे यांचा उपयोग वरच्या स्वरांसाठी होतो. फरशीवरून आणि काचेवरून येणारा चणचणीतपणा त्यांनी निश्चित कमी होतो, आणि तेवढ्यासाठी आम्ही स्पीकर आणि बैठक यांच्या मध्ये जाड गालिचा अंथरला. खालच्या स्वरांवर इलाज दोनच सापडले. पहिला म्हणजे बैठक भिंतीपासून दोन फूट पुढे ओढणे, कारण अशा अडकलेल्या लहरीचा दाब भिंतीशी सर्वाधिक असतो आणि तेथे पाठ टेकून बसणाऱ्याला घुमारा सर्वांत जास्त ऐकू येतो. दुसरा इलाज म्हणजे मुळातच एवढे खाली न जाणारा स्पीकर घेणे.

तिसऱ्या फेरीत लहान क्यू अकॉस्टिक्स घरी आली, आणि दुकानात पातळ वाटलेला तिचा आवाज येथे भरून आला. भिंत जेवढी भर घालते, जवळपास तेवढीच उणीव तिच्यात होती. तरीही घुमारा थोडा उरला, तेव्हा खोक्यातून मिळालेले फोमचे बूच मागच्या पोर्टमध्ये बसवून पाहिले. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती जशी एका ठरावीक स्वरात घुमते, तसाच पोर्ट पेटीला एका ठरावीक खालच्या स्वरात बोलते करतो, आणि त्या स्वराच्या खाली आवाज एकदम कोसळतो. पोर्ट बुजवला की खालचा स्वर लवकर कमी होऊ लागतो, पण हळूहळू उतरतो. प्रत्येक सप्तकामागे २४ डेसिबलऐवजी सुमारे १२ डेसिबलने. त्या संथ उताराला भिंतीची भर येऊन मिळाली आणि घिस्सा पहिल्यांदाच खालपासून वरपर्यंत अखंड ऐकू आला. माझ्या दृष्टीने निवड त्या क्षणी झाली.

एक शंका मात्र मनात होती. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. पाच इंची वूफर आणि त्यातही बूच लावलेला, मग या स्वराचे काय होणार? म्हणून घरचा तंबोरा एका ध्वनिमुद्रणाच्या पट्टीत लावून घेतला, मुद्रणाच्या आरंभीचा नुसता तंबोरा वाजवला, आणि तो थांबवून लगेच हातातला छेडला. असे अनेकदा केले. खर्ज हरवला नव्हता, आणि त्याचे कारण तंबोऱ्याच्या घडणीतच आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला तार हलकेच स्पर्शत राहते, त्या खाली सरकवलेला जवारीचा दोरा हा स्पर्श नेमका जुळवतो, आणि तारेची बरीचशी शक्ती मूळ स्वराऐवजी त्याच्या वरच्या स्वरांत वाटली जाते. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या पटीतले हे स्वर नीट आणि योग्य प्रमाणात पोहोचले, तर मूळ स्वर क्षीण असूनही कान तो स्वतः उभा करतो. पाचव्या पटीतून उमटणारा स्वयंभू गंधार या लहान जोडीतून इतका स्पष्ट आला की माझ्या हातातल्या तंबोऱ्यात तो त्या दिवशी किंचित कमी असल्याचे मला तिच्यामुळेच लक्षात आले आणि मी दोरा सरकवला. मोठ्या स्पीकरचा घुमारा हाच गंधार झाकून टाकत होता.

दुसरी परीक्षा मोनो ध्वनिमुद्रणांची. आपल्याकडचे जुने गाणे बहुतांशी मोनोमध्येच मुद्रित झालेले आहे. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येत असल्यामुळे गायक दोहोंच्या बरोबर मध्ये, हवेत एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरला, किंवा वरचा षड्ज घेताना एका बाजूला सरकला, तर दोन स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत किंवा मांडणी चुकली आहे असे समजावे. ३०२०आय या परीक्षेत तिघींत सरस ठरली. सहा फूट अंतरावर मांडलेल्या दोन पेट्यांच्या मध्ये जुन्या भावगीतातला गळा मुठीएवढ्या जागेत स्थिर राहिला. एलॅक तिच्या अगदी निकट होती.

या जोडीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पखवाजाची थाप अंगावर यावी तशी येत नाही. धृपद-धमार हेच ज्यांचे मुख्य ऐकणे आहे, त्यांनी मोठ्या वूफरचा विचार करावा, आणि त्यासाठी स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणण्याची तयारी ठेवावी. पंधरा फुटांहून मोठ्या दिवाणखान्यात माझा निर्णय उलट झाला असता आणि व्हार्फडेल निःशंक जिंकली असती. मोठ्या आवाजात भरगच्च वाद्यमेळ लावला की ही लहान पेटी थोडी आक्रसते. शिवाय ती उंचीला अकरा इंच असली तरी मागेपुढेही तेवढीच लांब आहे. वायर मागून जोडायची असल्याने भिंतीपासूनचे अंतर धरून समोरची बाजू पावणेदोन फूट पुढे येते. अरुंद घरात हे मोजून घ्यावे. माझ्या ४० वॅटच्या अँप्लिफायरवर व्हॉल्यूमचे बटण अर्ध्याच्या पुढे कधी न्यावे लागले नाही.

स्टँडविषयी आणखी थोडे लिहिते, कारण यात अनेकांचे पैसे वाया जातात. बाजारातील तयार स्टँड बहुधा चोवीस इंची असतात आणि खुर्चीवर किंवा सोफ्यावर बसणाऱ्यांना धरून केलेले असतात. ट्वीटर कानाच्या रेषेत हवा, आणि मी बैठकीवर मांडी घालून बसते तेव्हा माझा कान जमिनीपासून तीस इंचांवर असतो. ट्वीटर पेटीच्या तळापासून सुमारे आठ इंचांवर, म्हणून बावीस इंचांचे स्टँड हवे होते. सिंहगड रस्त्यावरील एका फॅब्रिकेटरने अडीच इंची चौकोनी लोखंडी पाइपाचे, खाली-वर जाड पत्र्याच्या प्लेटा वेल्ड करून, दोन दिवसांत करून दिले. पाइप पोकळ ठेवला तर तो स्वतःच घंटेसारखा वाजतो, म्हणून चाळून उन्हात वाळवलेली वाळू त्यात गळ्यापर्यंत भरली. ओली वाळू भरू नये, लोखंड आतून गंजते. प्लेट आणि पेटी यांच्यामध्ये रबराचे चार लहान तुकडे ठेवले. वाळू भरण्याआधी आणि नंतर एकच ध्वनिमुद्रण ऐकले. तबल्याच्या चाटेवरचा बोल वाळूनंतर अधिक आखीव झाला, हे माझ्या वडिलांनी, त्यांना काहीही न सांगता, आपणहून ओळखले.

जोडी घेऊन आता पाच महिने झाले. बूच अजून पोर्टमध्येच आहेत. थंडीत एकदा काढून पाहिले आणि दोन दिवसांत परत बसवले. फरशीवर स्टँडच्या पायांभोवती पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या आहेत, कारण लादी पुसताना स्टँड सरकतात आणि एक स्पीकर चार बोटे पुढे आला तरी जुन्या मोनो गाण्यातला गळा त्याच्या बाजूला झुकतो.